गोठल्या पॅन्सीला हात लावू नये

राइसा सोर्मुनेन फुलझाडं निवडायला निघाली की योएन्सूच्या बाजारचौकातल्या बायका सावरून बसायच्या. सून बघायला आलेली सासू बरी, अशी तिची तपासणी. रोप उचलायचं, डबी तिरकी करून खालून मुळं बघायची, पान दोन बोटांत धरून ते चिवट आहे की नुसतंच हिरवं ते चाचपायचं. मग फुलाच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, आणि बहुतेक वेळा नाक मुरडून ते जागच्या जागी ठेवून द्यायचं.

"हे उघड्यावर वाढलंय की काचेखाली दिव्यात?" तिनं विचारलं.

"दर वर्षी तू हेच विचारतेस नि दर वर्षी मी तेच सांगते," फुलवाली हिल्का म्हणाली. "इस्टर झाल्यापासून रात्री बाहेरच आहेत. माझ्यापेक्षा जास्त थंडी खाल्लीय त्यांनी."

"तू थंडी खाल्लेली अंगावर दिसत नाही गं."

"दालचिनीचे पाव खाल्लेले दिसतात, ते बघ आणि गप्प बस."

मागे तिचा नवरा तौनो हातगाडी धरून उभा होता. बाजारात तौनोचं काम ओझं वाहायचं आणि मत मागितलं नाही तरी द्यायचं. त्यानं एका भल्यामोठ्या निळ्या पॅन्सीकडे बोट दाखवलं. तिच्या मधोमध काळा चेहरा होता, मिशा काढल्यासारखा.

"ही घे. बशीएवढी आहे."

"बशी काय करायचीय? एक पाऊस पडला की पाणी भरून मान टाकते. मोठ्या फुलाचा थाट मोठा नि कंबर नाजूक. त्यापेक्षा ही बारकी व्हायोलेटं बघ. पाणी झटकून पुन्हा उभी."

"ती चौथ्या मजल्यावर कुणाला दिसणार?"

"फुलं आपल्याला बघायला लावायची की रस्त्याला दाखवायला?"

"तुलियाला खालूनच दिसायला हवीत ना," तौनो म्हणाला.

राइसानं हातातली डबी पुन्हा तिरकी करून मुळं बघितली. हिल्कानंही उगाच डब्यांची रांग सरळ केली. त्या चौकात कोणाच्या घरात काय अडलंय ते सगळ्यांना माहीत असतं, पण विचारायची पद्धत नाही.

तुलिया म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, कुओपियोला इस्पितळात नर्स. तीन वर्षांपूर्वी राइसा नि तौनोनं तळ्याकाठचं घर विकलं आणि गावात चौथ्या मजल्यावर येऊन राहिले. तौनोचे गुडघे गेले होते. बर्फ उपसायचं, लाकडं फोडायची, कोणी करायचं? विकलं यात चूक नव्हती. चूक झाली ती सांगण्यात. तौनोला वाटलं, राइसानं मुलीला सांगितलं असेल, आई-मुलीचं बोलणं होतच असतं. राइसाला वाटलं, बापानं सांगितलं असेल, कागदावर सही त्याची. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण न बोलता समजून घेणं हाच ज्या घरात शहाणपणा, तिथं विचारणं म्हणजे अविश्वास. शेवटी तुलियाला कळलं ते कामावरच्या एका मैत्रिणीकडून. तिनं विक्रीची जाहिरात दाखवून विचारलं, "निळ्या पायऱ्यांचं हे तुमचंच ना घर?"

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. तुलिया फोनवर फक्त "बरं" म्हणाली. ते "बरं" तीन वर्षं चाललं. सणावारी फोन यायचा, हवापाण्याची चौकशी व्हायची, तब्येती विचारल्या जायच्या. एकदा ती कामानिमित्त गावात आली तेव्हा कॉफीच्या दुकानात भेटली. वर मात्र आली नाही. या घराचा उंबरा तिनं अजून ओलांडला नव्हता.

आणि आता, मेच्या पहिल्या तारखेला, फोनवर म्हणाली होती, "मातृदिनाला येईन म्हणते. ड्यूटी नाही लागली तर."

ते "येईन म्हणते" राइसा तेव्हापासून हातात कच्चं अंडं धरावं तसं घेऊन फिरत होती.

जुन्या घराच्या पायऱ्यांवर दर वसंतात दोन लाकडी पेट्या असायच्या, निळ्या आणि पिवळ्या फुलांनी भरलेल्या. तुलिया लहानपणी पायरीवर बसून एकेका फुलाच्या चेहऱ्याला नाव द्यायची. ही मास्तरीण, ही शेजारची काकू, आणि भुवया चढवलेला हा बाबा. राइसाच्या मनात एवढंच होतं की मुलगी रस्त्यावरून वर बघेल, तिला ती फुलं दिसतील आणि पाय आपोआप जिना चढतील. हे ती तौनोलाही बोलली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देवमातेची तसबीर होती, तिच्यापुढच्या तांबड्या दिव्यात तेल घालताना मात्र रोज सांगायची. तिथं संकोच नव्हता.

"बरं, दोन पेट्यांना पुरतील इतक्या बश्या दे," ती शेवटी हिल्काला म्हणाली. "आणि एका पेटीची ही बारकी व्हायोलेटं, पिवळी नि जांभळी. ही माझ्या मनाची."

तौनोनं विजयी मुद्रेनं हातगाडी पुढे केली.

"आणि ऐक," हिल्का म्हणाली, "परतीचा हिवाळा अजून यायचाय हं."

"यायचा तर येऊ दे. मातृदिनाच्या रविवारआधी उरकून जा म्हणावं त्याला."

त्यांची इमारत जुनी. बाल्कनीला काच नाही, त्यामुळे ऊन, वारा, जे काय यायचं ते थेट घरात. राइसानं पेट्या भरल्या आणि कठड्याच्या आतल्या बाजूनं आकड्यांवर टांगल्या, कारण बाहेरून टांगलेलं इमारतीच्या मंडळाला चालत नाही. एका टोकाला व्हायोलेटं, मग दोन पेट्या पॅन्सी. झाडं बाहेरच वाढलेली असली तरी नव्या मातीत मुळं धरेपर्यंत त्यांना जपायचं असा राइसाचा दंडक. म्हणून रोज संध्याकाळी पेट्या आत घ्यायच्या, सकाळी बाहेर टांगायच्या. काम अर्थातच तौनोकडे.

"लष्करात होतो तेव्हासुद्धा एवढी तोफ ओढली नाही," तो रोज म्हणायचा.

"लष्करात तू स्वयंपाक्याच्या हाताखाली होतास. बटाटे सोलायला."

आठवडा चांगला गेला. नदीकाठच्या बर्चला उंदराच्या कानाएवढी पानं फुटली. शुक्रवारी तर लोक कोट हातात घेऊन फिरत होते. संध्याकाळी तौनो बाल्कनीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आज राहू देत बाहेर. माझी कंबर काय दुकानात बदलून मिळते?" राइसानं आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. पहिल्यांदाच तिनं हट्ट सोडला आणि म्हणाली, "राहू देत."

शनिवारी सकाळी खोलीत एवढा उजेड कसा म्हणून ती उठली. पडदा सारला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. समोरची छपरं पांढरी, गाड्या पांढऱ्या, उंदराच्या कानांवर कापूस ठेवल्यासारखा बर्फ. परतीचा हिवाळा रात्रीतून येऊन बसला होता. बाल्कनीत पॅन्सीची पानं काचेसारखी झाली होती आणि त्या निळ्या बश्या पेटीच्या कडेवरून पालथ्या लोंबत होत्या. व्हायोलेटं तर दिसतच नव्हती. तिथं नुसती एक पांढरी उशी होती.

राइसानं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. मागून तौनो आला आणि "अरे देवा" एवढंच म्हणाला. काल कोण काय म्हणालं होतं, हे दोघांच्याही लक्षात होतं.

"आता हात लावायचा नाही," राइसा म्हणाली. "गोठलेल्या झाडाला हात लावला की मोडतं आणि ऊब दाखवली की कुजतं. माझी आई सांगायची, जसं गोठलं तसं त्याचं त्याला सुटू द्यायचं. उठायचं असेल तर उठेल. ऐकलंस ना?"

तौनोनं मान हलवली.

"तौनो, हात लावायचा नाही."

त्यानं पुन्हा मान हलवली. पन्नास वर्षांच्या संसारात राइसाला एवढं कळलेलं होतं की तौनोची मान हलली म्हणजे आवाज पोचला, शब्द पोचलेच असं नाही. पण तिला जायला उशीर होत होता. चर्चच्या सभागृहात बायका जमायच्या होत्या. रविवारच्या प्रार्थनेनंतर मातृदिनाची कॉफी, तिच्यासाठी राय नावाच्या काळसर धान्याच्या पिठाच्या पातळ पोळ्या लाटायच्या, त्यांत तांदळाची घट्ट पेज भरायची, कडा चुणून भट्टीत लावायच्या. राइसाच्या चुण्या सगळ्या परगण्यात नावाजलेल्या. त्या दिवशी मात्र शेजारची बाई म्हणालीच, "राइसा, आज तुझ्या चुण्या उंदरानं कुरतडल्यासारख्या का?"

"बोटं गारठलीत," राइसा म्हणाली.

काम उरकल्यावर ती शेजारी चर्चमध्ये गेली. मेणबत्ती लावली आणि उभी राहिली. फुलांसाठी मागावं असं आधी मनात होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच. ती येऊ दे. फुलं राहोत, न राहोत. रस्त्यावरून वर बघून तिचा पाय मागे फिरू देऊ नकोस.

दुपार कलली तेव्हा ती घरी पोचली. दार उघडताच एक वास आला. शनिवार, म्हणजे सौनेचा, तापल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायच्या वाफेच्या अंघोळीचा दिवस. तापलेल्या लाकडाचा वास यायला हवा होता आणि तो होताही, पण त्यात आणखी काहीतरी होतं, पालेभाजी उकडल्यासारखं. बाहेरच्या खोलीत तौनो दूरचित्रवाणीपुढे बसला होता. आइस हॉकीची जागतिक स्पर्धा चालू होती.

"तौनो, कसला वास हा?"

तौनो आवाज कमी करायला उठला. एरवी तो कमी कर म्हटलं तरी करत नाही. राइसानं त्याचं तोंड बघितलं, मग बाल्कनीकडे बघितलं. कठड्यावर एकच पेटी होती. ती कोटासकट तशीच न्हाणीघरात गेली आणि सौनेचं दार उघडलं.

वरच्या फळीवर दोन पेट्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, पाहुणे बसावेत तशा. त्यांत पॅन्सी होती असं म्हणायचं, कारण आदल्या दिवशी तिथं पॅन्सी होती. आता पालक शिजवून ठेवला होता. त्यातून निळसर पाणी फळीवर ओघळत होतं.

"मी कोमटच ठेवली होती," मागून तौनोचा आवाज आला.

"सौनेचं कोमट म्हणजे किती?"

"पन्नास."

"आणि मग?"

"मग पहिला गोल झाला."

राइसानं ओघळणाऱ्या निळ्या पाण्याकडे बोट केलं.

"मी तुला काय सांगून गेले होते?"

"हात लावू नकोस म्हणालीस. मी झाडांना हात नाही लावला, पेट्यांना लावला." मग त्याचा आवाज खाली आला. "बाहेर ठेवू या असं मीच म्हणालो होतो ना. वाटलं, तू येईपर्यंत उभी राहतील. मला तर सौनेनं बरं वाटतं."

"घसा धरला, सौना! कंबर धरली, सौना! तुझा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा तू आधी सौना तापवलीस."

"आणि तेव्हा आपल्या दोघांनाही बरं वाटलं होतं," तौनो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

"आणि तिसरी पेटी? तिनं काय पाप केलं?"

"तिचा आकडा कठड्याला गोठून बसलाय, निघेना. पहिला डाव संपला की गरम पाणी ओतणार होतो."

राइसा मटकन खालच्या फळीवर बसली. एक पेटी ओढून मांडीवर घेतली, कोटाला माती लागली तरी. रडावं तर फुलांसाठी रडायचं वय नव्हतं. हसावं तर उद्या रविवार होता. बाजार उठून गेला होता, आणि दुकानातली काचेखाली वाढलेली नाजूक रोपं या थंडीत एक रात्र काढणार नव्हती. बाल्कनीत दोन रिकामे आकडे आणि एक बर्फाची उशी. हे बघून कोण जिना चढणार?

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"शेजारचा असेल, मॅच बघायला," तौनो म्हणाला आणि सुटका झाल्यासारखा दाराकडे गेला. दार उघडलं. मग बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक ओळखीचा, जरा घोगरा स्वर.

"रात्री पुन्हा बर्फ आहे म्हणाले. उद्या रस्ता खराब झाला तर, म्हणून आजच निघाले. आई कुठंय?"

तौनोनं नुसतं बोट दाखवलं असावं. न्हाणीघराच्या दारात तुलिया येऊन उभी राहिली. टोपीवर बर्फ, खांद्याला पिशवी. या घरात पहिल्यांदाच आलेली, आणि समोर काय, तर आई कोट नि बूट घालून सौनेत बसलीय, मांडीवर चिखलाची पेटी.

"आई, कोट घालून सौनेत काय करतेयस?"

तुलिया वाकली, पेटीतली एक लिबलिबीत निळी पाकळी दोन बोटांत धरून उचलली.

"ह्या पॅन्स्या आहेत?"

"होत्या," तौनो तिच्या मागून म्हणाला.

तुलियानं बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग वरच्या फळीवरच्या दुसऱ्या पेटीकडे.

"बाबा, तू पॅन्स्यांना वाफारा दिलास?"

"गोठल्या होत्या."

"दगडांवर पाणीसुद्धा टाकलंस?"

"थोडंसंच."

"थोडंसंच!" असं म्हणत तुलियाचं हसू असं काही फुटलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि भिंत धरून ती हळूहळू खाली फरशीवर येऊन बसली. "आणि बर्चची डहाळी? माणसांसारखी पाठ पण झोडलीस का त्यांची?" तौनोचे खांदे हलायला लागले. राइसानं ओठ घट्ट दाबून धरले होते, पण मांडीवरची पेटीच गदगदा हलू लागली. मग तिघंही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, पण ते कोणी वेगळं काढत बसलं नाही.

मग फळ्या धुतल्या, पेट्या न्हाणीच्या कोपऱ्यात सरकवल्या आणि सौना पुन्हा तापवली, या वेळी माणसांसाठी. आधी बायका. मंद उजेडात मायलेकी वरच्या फळीवर बसल्या, गुडघे जवळ घेऊन. समोरासमोर जे बोलता येत नाही ते तिकडच्या लोकांना शेजारी शेजारी बसून, दगडांकडे बघत बोलता येतं.

"मला वाटलं, बाबानं सांगितलं," राइसा म्हणाली.

"आणि बाबाला वाटलं, तू सांगितलंस. हे मला दुसऱ्या वर्षीच सुचलं होतं गं. तुम्ही दोघं तसेच आहात." तुलियानं पळीभर पाणी दगडांवर टाकलं. सुस्कारा सोडल्यासारखी वाफ वर आली. "दर वेळी विचारायचं ठरवून फोन लावायचे, आणि विचारायचे काय, तर पाऊस आहे का तिकडे."

"मी पण पाऊसच सांगायचे."

"घर विकलं म्हणून नाही रागावले मी. मला त्या पायऱ्यांवर एकदा बसायचं होतं. निरोप घ्यायला."

"चुकलं आमचं," राइसा म्हणाली. "माझं चुकलं."

"आणखी पाणी टाकू?"

"टाक."

एवढंच बोलणं झालं. बाहेर आल्यावर तौनोनं त्यांच्यासाठी कॉफी करून ठेवली होती, आणि राइसानं सभागृहातून आणलेल्या, चुण्या बिघडलेल्या पोळ्यांवर उकडलेली अंडी कालवलेलं लोणी इतकं थापलं होतं की चुण्या दिसतच नव्हत्या.

रविवारी राइसा उठली तेव्हा पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. रात्रीचा बर्फ आलाच नव्हता. ऊन पडलं होतं. तिनं दिव्यात तेल घातलं, तसबिरीपुढे उभी राहिली, पण बाल्कनीचा पडदा सारायचा धीर होईना. मुलगी आली, आणखी काय हवं होतं? तरीसुद्धा.

"आई, इकडे ये," बाल्कनीतून हाक आली. "हात मात्र लावू नकोस."

तुलिया बापाची केसाळ टोपी डोक्यावर चढवून, कॉफीचा कप हातात धरून तिसऱ्या पेटीपुढे उभी होती. पांढरी उशी निम्मी वितळली होती. सावलीकडची व्हायोलेटं अजून आडवी होती, पण उन्हाकडची मान वर करून उभी होती, ओली, टवटवीत, काही घडलंच नाही अशी. पिवळ्या फुलांचे बारके चेहरे सगळे एकाच बाजूला वळले होते.

"हा बघ बाबा," तुलिया एका फुलाकडे बोट करून म्हणाली. "भुवया बघ."

"मी काही बोललो का?" दारातून तौनो म्हणाला.

राइसाचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं कुठंतरी टांगलेला होता, तो असा पेटीभर व्हायोलेटांपुढे खाली आला. तिनं हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि खरोखरच कशाला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"चल, प्रार्थनेला उशीर होईल," ती मग म्हणाली. "येतेस?"

"येते की. पोळ्यांसाठी." तुलियानं कप रिकामा केला आणि दोन मोकळ्या आकड्यांकडे बघितलं. "इथं काय लावणार आता?"

"बघू. हिल्काकडे मंगळवारी ताजी रोपं येतात."

"मंगळवारपर्यंत मला सुट्टी आहे. मी येते तुझ्याबरोबर. पण सगळी बारकीच घ्यायची हं आई, बश्या नकोत."

"आणि मी?" तौनोनं विचारलं.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"तू सौना तापव," राइसा म्हणाली. "रिकामी."